इशारा रोजचा झाला म्हणजे

जुन्या एसयूव्हीच्या मालकाला गाडीचे जे दोष अंगवळणी पडलेले असतात, त्यांत एका लहानशा पिवळ्या दिव्याची गणना आता करावयास हवी. टायरचा उभा छेद दाखविणारी आकृती आणि तिच्या मधोमध उद्गारचिन्ह, असे या दिव्याचे रूप असते. टायरमधील हवा धोक्याच्या मर्यादेखाली गेली आहे एवढेच सांगण्यासाठी तो चालकाच्या डोळ्यांसमोर बसविलेला आहे. गाडी नवी असते तेव्हा हा दिवा क्वचित लागतो आणि लागला म्हणजे मालक अस्वस्थ होतो. गाडी दहा-बारा वर्षांची झाली की दिवा महिनोन्‌महिने जळत राहतो आणि मालकाचे अस्वस्थ होणे मात्र थांबते. जेथे हा दिवा प्रथम सक्तीचा झाला त्या अमेरिकेत हे दृश्य आता नवलाचे राहिलेले नाही. सुरक्षिततेचा कायदा कारखान्याच्या दारापर्यंत येऊन थांबला म्हणजे पुढे काय होते, याचे ते एक बोलके उदाहरण आहे.

हा दिवा मोटारीत आला तो कारखानदारांच्या औदार्यामुळे आला नाही. त्यामागे शेकडो माणसांचे मृत्यू आहेत. फोर्ड कंपनीने १९९० साली ‘एक्स्प्लोरर’ ही एसयूव्ही बाजारात आणली आणि पाहता पाहता ती अमेरिकन मध्यमवर्गाची आवडती कौटुंबिक गाडी झाली. तिच्यापैकी असंख्य गाड्यांना फायरस्टोन कंपनीचे टायर होते. उन्हाळ्याच्या दिवसांत, भरधाव वेगात, माणसांनी आणि सामानाने भरलेल्या गाडीच्या टायरचा वरचा पट्टा अकस्मात सुटून येऊ लागला. उंच बांध्याच्या गाडीचा तोल अशा वेळी सावरणे कठीण असते; ती कलंडे आणि आतील माणसे प्राणाला मुकत. टेक्सास, फ्लोरिडा, ॲरिझोना अशा उष्ण राज्यांत हे अपघात विशेष घडले. फोर्डने १९९९ मध्येच सौदी अरेबियात असे टायर बदलून दिले होते. परंतु अमेरिकेतील ग्राहकाला त्याचा पत्ता नव्हता. ह्यूस्टनच्या एका दूरचित्रवाणी केंद्राने फेब्रुवारी २००० मध्ये या प्रकाराला वाचा फोडली, सरकारी चौकशी सुरू झाली, आणि ९ ऑगस्ट २००० रोजी सुमारे ६५ लाख टायर परत घेण्याची घोषणा करणे कंपनीला भाग पडले. या टायरांशी निगडित मृत्यूंची संख्या चौकशीअखेर २७१ वर गेली.

त्यानंतर दोन्ही कंपन्यांमध्ये जो वाद झाला तो बोधप्रद आहे. टायर कंपनी म्हणे, दोष गाडीच्या रचनेत आहे. गाडीची कंपनी म्हणे, दोष टायरमध्ये आहे. जवळजवळ शतकभराचा व्यापारी स्नेह २००१ च्या मे महिन्यात तुटला. टायरच्या बांधणीत दोष होता, हे सरकारी चौकशीत निष्पन्न झाले. परंतु या वादात एक साधा आकडाही पुढे आला. फोर्डने या टायरमध्ये दर चौरस इंचाला २६ पौंड हवा भरावी असे सांगितले होते. टायर कंपनी पुढे ३० पौंडांचा आग्रह धरू लागली. चार पौंडांचा हा फरक पेट्रोल पंपावर हवा भरणाऱ्या माणसाला किरकोळ वाटेल. पण २६ पौंडांपासून आरंभ करणाऱ्या टायरमधून महिनोन्‌महिने थोडी थोडी हवा झिरपत राहिली, तर धोक्याची रेषा किती लवकर ओलांडली जाईल, हे निराळे सांगावयास नको.

गाडीचे ओझे टायरचे रबर पेलीत नाही. ते पेलते टायरमध्ये कोंडलेली हवा. हवा कमी झाली म्हणजे टायरच्या बाजू प्रत्येक फेऱ्यात अधिक वाकतात, पुन्हा सरळ होतात, पुन्हा वाकतात. ताशी शंभर किलोमीटरच्या वेगात हे एका मिनिटात शेकडो वेळा घडते. या वाकण्यातून उष्णता निर्माण होते, उष्णतेने रबर आणि त्यातील पोलादी तारांचे थर यांमधील बंध सैल होतात आणि अखेर थर सुटतो. ही झीज बाहेरून दिसत नाही. हल्लीच्या रेडियल टायरच्या बाजूला थोडा फुगवटा स्वभावतःच असतो, त्यामुळे आठ-दहा पौंड हवा कमी असलेला टायरही नुसत्या नजरेला धडधाकट वाटतो. डोळ्यांना जे दिसत नाही ते सांगण्यासाठी यंत्राची गरज भासली, ती यामुळेच.

अमेरिकन काँग्रेसने कायदा केला आणि १ नोव्हेंबर २००० रोजी अध्यक्ष क्लिंटन यांनी त्यावर सही केली. परदेशात उघडकीस आलेले दोष सरकारला कळविण्याचे बंधन कंपन्यांवर आले, तसेच हवेचा दाब घसरल्यास चालकाला इशारा देणारी यंत्रणा प्रत्येक नव्या गाडीत असावी असेही ठरले. अंमलबजावणी मात्र सरळ झाली नाही. खर्चाचा बाऊ होऊन २००२ च्या पहिल्या नियमात एक पळवाट राहिली. चारांपैकी एकाच टायरची हवा गेली तरच इशारा देणारी स्वस्त यंत्रणाही त्यात चालणार होती. ग्राहकहितासाठी लढणाऱ्या ‘पब्लिक सिटिझन’ या संस्थेने न्यायालयात धाव घेतली आणि २००३ साली न्यायालयाने हा नियम रद्द केला. मग २००५ चा सुधारित नियम आला आणि सप्टेंबर २००७ पासून सर्व नव्या मोटारी व हलक्या गाड्यांना तो लागू झाला. शिफारस केलेल्या दाबाहून हवा २५ टक्के किंवा अधिक घसरली, तर वीस मिनिटांच्या आत दिवा लागला पाहिजे, असा हा दंडक आहे.

या दंडकाचा अर्थ नीट समजून घेणे अगत्याचे आहे. ज्या गाडीला ३५ पौंडांची शिफारस आहे, तिच्या टायरमध्ये सुमारे २६ पौंड उरेपर्यंत दिवा लागलाच पाहिजे अशी सक्ती नाही. तेव्हा दिवा लागलेला नाही याचा अर्थ हवा बरोबर आहे, असा कोणी करून घेतला तर ती त्याची चूक ठरेल. हा दिवा म्हणजे ताप मोजण्याचे यंत्र नव्हे. रोगी धोक्यात गेल्यावर वाजणारी ती घंटा आहे. तरीही घंटेचा उपयोग झाला, हे नाकारता येणार नाही. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा खात्याने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, ही यंत्रणा असलेल्या गाड्यांमध्ये धोकादायकरीत्या कमी हवा आढळण्याचे प्रमाण निम्म्याहून अधिक घटले होते.

पण ती पाहणी प्रामुख्याने तरुण गाड्यांची होती. आज प्रश्न आहे तो म्हाताऱ्या गाड्यांचा. बहुतेक गाड्यांत प्रत्येक चाकाच्या आत, हवा भरण्याच्या व्हॉल्व्हला जोडलेला एक छोटा सेन्सर असतो. तो दाब मोजतो आणि रेडिओलहरींनी गाडीला कळवितो. त्याला वीज पुरविणारी बॅटरी आतच कायमची बंदिस्त केलेली असते. ती पाचपासून दहा वर्षांपर्यंत टिकते, आणि संपली की बॅटरी नव्हे, सगळा सेन्सरच बदलावा लागतो. उलटपक्षी, अमेरिकेच्या रस्त्यांवरील मोटारींचे सरासरी वयच २०२४ मध्ये साडेबारा वर्षांच्या पुढे गेले होते. म्हणजे सर्वसाधारण गाडीच्या आयुष्यात तिचे सगळे सेन्सर निदान एकदा मरणार, हे ठरलेलेच आहे. तो अपघात नाही, दुर्दैव नाही. यंत्राचे ते साधे आयुर्मान आहे.

बॅटरी टिकली तरी इतर व्याधी आहेतच. थंड प्रदेशात बर्फ वितळविण्यासाठी रस्त्यावर मीठ टाकतात. त्या मिठाने सेन्सरची ॲल्युमिनियमची नळी आतून खाल्ली जाते. त्या नळीत कोणी साधी पितळी पिन बसविली, तर दोन धातूंच्या संयोगाने गंज चढून ती कायमची रुतून बसते. मग हवा भरावयास जावे तर नळीच मोडून हातात येते. टायर काढण्याच्या यंत्राचा फटका बसून सेन्सर फुटतो. वाटेत पंक्चर झाले म्हणून ओतलेल्या चिकट द्रवाने त्याचे छिद्र बुजते. नवा सेन्सर बसविला, पण गाडीला त्याची ओळख करून दिली नाही, तर गाडी त्याचे ऐकतच नाही. काही गाड्यांत चाकात सेन्सर नसतो. चाके किती वेगाने फिरतात यावरून त्या हवेचा अंदाज बांधतात. तेथे हवा भरल्यावर बटण दाबून नवे प्रमाण नोंदवावे लागते. हवा कमी असतानाच कोणी दिवा घालविण्यासाठी ते बटण दाबले, तर गाडी त्या कमी हवेलाच योग्य समजू लागते. दिवा विझतो, धोका तसाच राहतो आणि आता तो सांगणारेही कोणी उरत नाही.

ही यंत्रणा कित्येकदा खरे बोलत असते आणि तिला खोटे ठरविले जाते, हा त्याहून मोठा अनर्थ आहे. हवेचे तापमान साडेपाच अंश सेल्सिअसने उतरले की टायरमधील दाब साधारण एक पौंडाने घटतो. थंडीच्या पहिल्या पहाटे जुनी एसयूव्ही सुरू करताच दिवा लागतो. दहा-पंधरा किलोमीटर गेल्यावर टायर तापतात, दाब वाढतो आणि दिवा विझतो. मालक म्हणतो, यंत्र बिघडले. वास्तविक यंत्र ठीक असते. टायर कधीपासून सीमेवर उभे असतात. नियमाने आणखी एक सोय करून ठेवली आहे. गाडी सुरू करताच दिवा मिनिटभर लुकलुकून मग स्थिर झाला, तर यंत्रणा बिघडली आहे. आरंभापासून स्थिर लागला, तर हवा कमी आहे. या दोन भाषा निराळ्या आहेत. परंतु गाडी तिसऱ्या मालकाकडे जाते तेव्हा तिच्याबरोबरचे माहितीपुस्तक बहुधा हरवलेले असते, आणि दोन्ही भाषांचा अर्थ तो एकच करतो: जुनी गाडी आहे, चालायचेच!

येथे या प्रश्नाची सामाजिक बाजू उघड होते. नवी गाडी ज्याला परवडते, त्याला चालू स्थितीतील सेन्सर मिळतात. ते मरू लागण्याच्या सुमारास गाडी विकली जाते. चार सेन्सर बदलण्याचा खर्च अशा माणसाच्या वाट्याला येतो, ज्याने परवडत नाही म्हणूनच जुनी गाडी घेतलेली असते; आणि त्याच गाडीचे टायर झिजलेले असण्याचा संभव सर्वांत अधिक असतो. ज्याला इशाऱ्याची गरज अधिक, त्याच्यापाशी इशारा मुका, असा हा उफराटा न्याय आहे. कारखान्यातून बाहेर पडताना गाडीने कोणती कसोटी उतरावी, हे कायद्याने ठरविले. पुढील पंधरा वर्षे ती कसोटी कोणी आणि कोणाच्या खर्चाने टिकवावी, हे ठरविले नाही. दुरुस्ती करणाऱ्या दुकानदाराने चालू यंत्रणा जाणूनबुजून बंद पाडू नये, एवढे अमेरिकन कायदा सांगतो. पण गाडी आली तेव्हाच सेन्सर मेलेला असेल तर तो बदललाच पाहिजे असे बंधन दुकानदारावर नाही, हा खुलासा सरकारनेच २०११ मध्ये केला. मालकाने दिव्यावर काळी पट्टी चिकटविली तर हा कायदा त्याला विचारीत नाही. कित्येक राज्यांत गाड्यांची नियमित सुरक्षा-तपासणीच होत नाही. टेक्सासने तर २०२५ च्या आरंभापासून खाजगी मोटारींची अशी वार्षिक तपासणी रद्दच केली. ज्या राज्यात हे टायर-प्रकरण प्रथम उजेडात आले, त्याच राज्याने हे करावे यातील विसंगती कोणाच्याही ध्यानात येईल.

ब्रिटनने निराळा मार्ग धरला. तेथे जुन्या गाड्यांची दरवर्षी तपासणी होते, आणि २०१२ च्या आरंभापासून रस्त्यावर आलेल्या मोटारीचा हा दिवा यंत्रणेतील बिघाड दाखवीत असेल तर ती तपासणीत नापास होते. एका दिव्यापायी गरिबाची गाडी अडवून ठेवावी काय, असा आक्षेप यावर घेतला जातो. तो सर्वस्वी अग्राह्य नाही. सेन्सरविना लाखो गाड्या वर्षानुवर्षे सुखरूप चालल्या, हेही खरे. परंतु त्या काळी चालकाला आपल्यापाशी यंत्र नाही याची जाणीव होती. लांबच्या प्रवासाला निघण्यापूर्वी तो हवा पाहून घेई. यंत्र आले आणि ही सवय गेली. आता यंत्र मेले आणि सवय परतली नाही. सेन्सर नसलेल्या गाडीपेक्षा मेलेला सेन्सर असलेली गाडी अधिक फसवी ठरते, ती यामुळे.

शिवाय धडधाकट सेन्सरलाही टायरचे वय कळत नाही. रबर न वापरताही जुने होते, कडक होते, आतून तडकते. वर्षाकाठी थोडीच चालणारी गाडी असेल तर नक्षी शाबूत आणि टायर मात्र निकामी, अशी स्थिती येते. फोर्डने २००५ मध्ये सहा वर्षांनंतर टायर बदलण्याची शिफारस केली, ती अनुभवाने शहाणे होऊन. टायरच्या बाजूवर चार अंकी आकडा कोरलेला असतो. ‘२३१४’ म्हणजे २०१४ सालातील तेविसावा आठवडा. एसयूव्हीच्या पोटाखाली टांगलेल्या स्टेपनीवरील हा आकडा तर वर्षानुवर्षे कोणी वाचीत नाही. इंग्लंडमधील सरे परगण्यात २०१२ साली एका प्रवासी बसच्या अपघातात तीन जण दगावले. तिचा पुढचा टायर एकोणीस वर्षांहून जुना असल्याचे आढळले. नियमाने मागितलेली नक्षी त्यावर होती, म्हणून तो तोवर चालला. लॉरी आणि बस यांच्या पुढच्या चाकांवर दहा वर्षांहून जुने टायर वापरण्यास तेथे बंदी आली ती फेब्रुवारी २०२१ मध्ये.

महाराष्ट्राला हा सारा इतिहास परका वाटण्याचे कारण नाही. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला आणि जून २०२५ मध्ये संपूर्ण ७०१ किलोमीटरचा मार्ग वाहता झाला. ताशी १२० किलोमीटरची मुभा, काँक्रीटचा सरळ रस्ता, विदर्भ-मराठवाड्याचा उन्हाळा आणि लग्नसराईत खच्चून भरलेली जुनी गाडी, हा मेळ अमेरिकेतील त्या अपघातांच्या परिस्थितीहून फारसा निराळा नाही. तालुक्याच्या रस्त्यावर ताशी पन्नास किलोमीटरने चालताना ज्या टायरने वर्षानुवर्षे दगा दिला नाही, तो या मार्गावर तासाभरात दगा देऊ शकतो. परिवहन विभागाने २०२३ मध्ये या महामार्गावर टायर तपासण्याची मोहीम हाती घेतली, ती उगाच नव्हे.

येथील जुन्या सुमो-बोलेरोंमध्ये हा पिवळा दिवा नाही. गेल्या काही वर्षांतील पुष्कळ नव्या एसयूव्हींमध्ये तो आहे, आणि आणखी पाच-सात वर्षांत त्या गाड्या दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या दारात उभ्या असतील. त्यांच्या बाबतीत एक विशेष काळजी घेणे जरूर आहे. केंद्र सरकारने जुलै २०२० मध्ये मोटार वाहन नियमांत जी दुरुस्ती केली, तिच्यानुसार ट्यूबलेस टायर, पंक्चर काढण्याचे साहित्य आणि हवेचा दाब सांगणारी यंत्रणा ज्या प्रवासी मोटारीत आहे, तिला स्टेपनी नसली तरी चालते. स्टेपनीच्या जागी सेन्सर, असा हा सौदा आहे. नवी गाडी असेतो तो वाजवी म्हणता येईल. पण सेन्सरची बॅटरी संपल्यावर त्या गाडीत इशाराही नाही आणि स्टेपनीही नाही, अशी अवस्था होईल. खाजगी गाडीची योग्यता-तपासणी येथे पंधराव्या वर्षी होते. सेन्सर त्याच्या कितीतरी आधी संपलेला असेल. मधल्या वर्षांत त्याची विचारपूस कोण करणार?

उपाय असाध्य नाहीत. ज्या गाडीला सेन्सरच्या भरवशावर स्टेपनीतून सूट मिळाली, तिचा सेन्सर चालू आहे की नाही हे गाडी विकली जाऊन मालकीची नोंद बदलताना पाहिले जावे. धुराच्या तपासणीसाठी प्रत्येक गाडीला ठरावीक मुदतीने केंद्रावर जावेच लागते. त्याच वेळी चार टायरांची हवा मोजून त्यांच्या निर्मितीचे वर्ष कागदावर लिहून द्यावयास मोठी यंत्रसामग्री लागत नाही. सुटे सेन्सर रास्त किमतीत, कोणत्याही गॅरेजवाल्याला बसविता येतील अशा रूपात उपलब्ध करण्याचे बंधन कारखानदारांवर असावे. सेन्सरचे आयुष्य किती, हे गाडी विकतानाच ग्राहकाला लेखी सांगितले जावे.

तथापि सरकार हे सर्व करीपर्यंत थांबण्याचे कारण नाही. हवा मोजण्याचा साधा गेज थोडक्या पैशांत मिळतो. किती हवा हवी, तो आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवर किंवा माहितीपुस्तकात छापलेला असतो. गाडी रात्रभर उभी राहून टायर थंड असताना, महिन्यातून एकदा आणि दूरच्या प्रवासाआधी हवा मोजावी, स्टेपनीसुद्धा पाहावी. एवढ्याने बराचसा धोका टळतो. शाळेची सहल नेणाऱ्या शिक्षकाने, लग्नाला भाड्याची गाडी ठरविणाऱ्या कारकुनाने भाड्याची घासाघीस जरूर करावी, परंतु टायर कोणत्या सालचे आहेत आणि हवा केव्हा मोजली होती, हेही विचारावे. चालकाला त्याचा राग येईल कदाचित. पण हा प्रश्न विचारणारी माणसे वाढली म्हणजे उत्तर तयार ठेवणारे चालकही वाढतील, आणि पिवळा दिवा जळत असलेली गाडी तशीच दामटणे हे धाडसाचे नव्हे, बेपर्वाईचे लक्षण मानले जाऊ लागेल.